गच्चीवरचे पक्के जोड

त्याला सगळे घण म्हणत, आणि हे नाव काही कुणी लाडानं ठेवलेलं नव्हतं. धंद्यानं नळवाला. मान आखूड, पंजा फावड्याएवढा, आणि राग आला की तोंडाच्या आधी हात चालायचा. समोरचा नेमकं काय म्हणत होता, ते त्याला बऱ्याचदा तो समोरचा आडवा झाल्यावरच कळायचं.

बापही नळवालाच होता. बाप रबरी नळीनं मारायचा. नळीचा वळ आधी पांढरा उठतो, मग लाल, मग निळा, हे दोन्ही पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. धाकटा लाथा फार झाडायचा, म्हणून बाप थोरल्याला, म्हणजे घणाला, त्याचे पाय धरायला लावायचा. थोरला धरायचा. धरले नाहीत तर नळी इकडं वळणार, हे त्याला माहीत होतं. धाकट्यानं ते मनात ठेवलं आणि मिसरूड फुटल्यावर एके दिवशी कापूस झोडायच्या काठीनं थोरल्याचे वरचे दोन दात पाडले. दात पडल्यावर थोरल्यानं त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. मग दोघं एकाच बादलीत तोंड धुवायला बसले. त्या घरात भांडण असंच मिटायचं.

बाप मेल्यावर घराचे दोन वाटे झाले. वरच्या पुढच्या दोन खोल्या थोरल्याला, खालचा सगळा भाग धाकट्याला. धाकट्यानं खाली गाद्या-उशांचा कारखाना घातला, म्हणून त्याला गादीवाला म्हणायचे. कारखान्याचा मागचा भाग एकमजली होता आणि त्याचं छत म्हणजेच थोरल्याच्या खोलीमागची गच्ची. थोरल्याच्या पायाखालची फरशी ती धाकट्याच्या डोक्यावरचं छप्पर. दोघांनाही हे फारसं सोसत नव्हतं.

घणाची बायको गाद्यांच्या खोळी शिवायची. दिवसभर मागच्या खोलीत, गच्चीच्या दाराशी, पायमशीनवर. दिराचंच काम. ती डाव्या कानानं बहिरी होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी एक बसली होती कानाखाली. आधी त्या कानात शिट्टी वाजायची, पुढं शिट्टीही बंद झाली. तिच्याशी बोलायचं तर उजवीकडून जावं लागायचं. ज्यानं तो कान घालवला, तोच हे सारखा विसरायचा.

बारा वेळा हात उठला होता. तिनं मोजलं होतं, त्यानं नव्हतं. आणि प्रत्येक वेळेनंतर तो एकच बोलायचा, अगदी शांतपणे, वैद्यानं रोग सांगावा तसं, "कारण होतं." जेवण गार होतं. दार उशिरा उघडलं. माहेरच्यांसमोर हसली. कारण असायचंच. ते शोधायला त्याला कधी लांब जावं लागलं नाही.

त्या सालात दोन गोष्टी झाल्या. एका बांधकामावरचा मुकादम म्हणाला, "तुझ्या बापाचं कामसुद्धा असंच गळकं होतं." घणानं हातातला पाना त्याच्या गळपट्टीच्या हाडावर घातला. हाड कडकन मोडलं, पलीकडं सळया कापणाऱ्यानंही मान वळवून बघितलं. मुकादमानं तक्रार केली नाही. त्याहून वाईट केलं. तो बांधलेला हात घेऊन गावातल्या प्रत्येक कंत्राटदाराकडं चहाला गेला. त्यानंतर घणाला मोठं काम कुणी दिलं नाही. कुठं नळाचा वॉशर बदल, कुठं तुंबलेली मोरी काढ.

रिकामा बसलेला घण म्हणजे घरात ठेवलेला पेटता स्टोव्ह. दुसऱ्या आठवड्यात त्यानं तोच पाना बायकोच्या दिशेनं भिरकावला. कोपराला लागला. ती रडली नाही. तिनं कोपर बांधलं, दोन लुगडी, एक चादर, कात्री असं पिशवीत भरलं आणि पिशवी मशीनखाली ठेवली. उजवा कान त्याच्याकडं करून म्हणाली, "ही बारावी. आता तेरावीला मी बोलणार नाही. पिशवी उचलीन आणि धाकट्या बहिणीकडं जाईन. मला न्यायला यायचं नाही."

"अगं, कारण..."

"तेच तुमच्याजवळ ठेवा."

पिशवी तिथंच राहिली. मशीनचा पाय हलला की पिशवीची कड हलायची. घणानं आयुष्यात पुष्कळ माणसांना भ्यायला लावलं होतं. एका पिशवीला आपण भितो आहोत, हे त्याला कुणाला सांगताही येईना.

तशात शाळेत एक गळका नळ काढायला तो गेला. विज्ञानाच्या वर्गामागं व्हरांड्यात त्याला त्याच्या धंद्यातलेच पाइप दिसले. चार इंची, पांढरे, आडवे, एकाखाली एक. वरून गोल भोकं पाडलेली आणि प्रत्येक भोकातून हिरवीगार भाजी वर आलेली. माती चिमूटभरही नाही. आतून पाणी झुळझुळ चाललंय.

घण पाइपाच्या टोकाशी वाकला आणि त्याचा चेहरा वाकडा झाला. "कोणी केलंय हे जोडकाम? हगऱ्या मुतऱ्या पोरानं केल्यासारखं. सगळे जोड पाझरतायत. चिकटवायचं सोल्युशन लावलंच नाहीये!"

विज्ञान शिकवणाऱ्या बाई मागं उभ्या होत्या. बारीक चणीची, चष्मेवाली बाई, आवाज मात्र ढोलासारखा. "मी केलंय. मुद्दाम सुटे ठेवलेत. उघडून साफ करावे लागतात, मुळ्या आत भरतात."

"जोड गळतो म्हणजे कामगार गळतो, बाई."

"तुम्ही करून दाखवा मग. न गळणारं."

एवढं पुरलं. घणाला डिवचलं की तो भिंतसुद्धा उचलायचा. बाईंनी त्याला बी दिलं, दोन बाटल्या पोषकाच्या, पाण्याचा आंबटपणा बघायच्या कागदी पट्ट्या आणि हातानं लिहिलेलं एक पान. पानाच्या खाली दोन ओळींना अधोरेखा होती: जोड चिकटवू नयेत. पुदिना पाइपात लावू नये, वेगळ्या डब्यात लावावा.

घणानं पान घडी करून टोपीत ठेवलं. नळाच्या कामात मास्तरणीचं ऐकायचं म्हणजे मग उद्या न्हाव्यानं शिवायला शिकवायचं.

गच्चीवर पाइप मांडून पहिली खेप त्यानं दोन दिवसांत मारली. दोन्ही बाटल्यांतलं पोषक निवांत एकाच मगात ओतलं. आधी पाण्यात एक, ढवळून मग दुसरं, असं पानावर लिहिलं होतं. मगात सगळं फाटल्या दुधासारखं झालं, तळाला चुना बसला. तसंच पाइपात सोडलं. स्पंजच्या तुकड्यांत उगवलेली कोवळी रोपं पिवळी पडून माना टाकून बसली. घणानं मग भिंतीवर फेकला, मगाचे तीन तुकडे झाले. मशीनचा आवाज थांबला. त्यानं मागं बघितलं. बायको त्याच्याकडं बघत नव्हती, पिशवीकडं बघत होती. घणानं तुकडे गोळा केले. आयुष्यात पहिल्यांदा.

दुसरी खेप हातानं मेली. रोप उचलायचं ते पानाला धरून. देठ चिरडला की संपलं. पण घणाच्या बोटांचा चिमटा पाइप वाकवायला घडलेला. चाळिसातली तीस रोपं त्यानं कुणाची मान पकडावी तशी धरली आणि मारली. बायको मशीनवरून म्हणाली, "माणसासारखं धरताय त्यांना."

तिचा रोख काय ते त्याला कळलं. हात शिवशिवला. तो हात त्यानं गार पाण्याच्या बादलीत कोपरापर्यंत बुडवला आणि बुडवून ठेवला. बोटं बधिर झाल्यावर बाहेर काढला. बधिर बोटांना जोर राहत नाही, हे त्याला तेव्हाच कळलं. तिसरी खेप त्यानं तशीच लावली, दर पाच रोपांनी हात बादलीत. बघणाऱ्याला वेडा वाटला असता. रोपं मात्र जगली.

तोवर खालून धाकटा वर आला होता. तोंडात टाचण्या, केसांत कापूस. त्यानं लोखंडी अँगलचा स्टँड, त्यावरचे सहा पाइप, खाली शंभर लिटरचं पिंप, त्यातला लहान पंप असं सगळं निरखलं.

"दादा, हे पाणी माझ्या डोक्यावर आहे."

"एक थेंब गळणार नाही."

"बाबाही असंच म्हणायचा."

"बाबाला मधे आणू नकोस."

"आणणार. ऐक, खाली साठ गाद्यांचा कापूस पिंजून पडलाय. इस्पितळाची ऑर्डर आहे. भिजला कापूस की कुजला. एक थेंब, दादा, एकच, आणि तुझे हे नळ मी तुझ्याच नरड्यात घालीन. एकेक करून."

"घालायला वर ये, पाय घेऊन जाणार नाहीस."

"तू पाय धरण्यात पटाईतच आहेस," धाकटा म्हणाला आणि टाचण्या चावत खाली गेला.

त्या दिवशी घणानं सगळे जोड सोल्युशन लावून पक्के केले. पाइपाची दोन्ही तोंडंही बुचं बसवून चिकटवली. गच्चीचं सांडपाणी धाकट्याच्या उंबऱ्यासमोर पडायचं, त्यावरून कटकट नको म्हणून ते भोकही बूच मारून बंद केलं. पिंपातलं पाणी कमी झालं की आपोआप भरावं म्हणून घराच्या टाकीतून नळी आणून तिला तरंगता गोळा लावला. गोळा खाली गेला की नळ सुरू, वर आला की बंद. काम इतकं देखणं झालं की तो स्टुलावर बसून अर्धा तास नुसता बघत राहिला. थेंबाचाही पाझर नाही. बाप बघायला हवा होता, असं त्याला वाटलं. आणि लगेच वाटलं, नको.

चाळीस दिवसांत पाइप हिरवे झाले. पालक, सॅलडची पानं, टोमॅटोची दोन रोपं. बायकोनं एक पान खुडून खाल्लं आणि म्हणाली, "बरं आहे." त्या घरात याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाली नव्हती. त्यानंतर चौथ्या दिवशी तिनं बाजारातून आणलेल्या जुडीतली पुदिन्याची एक काडी त्याच्यापुढं धरली. "ही लागेल का?"

टोपीतलं पान त्याला आठवलं. पण बायकोनं वर्षानुवर्षांत त्याच्याकडं काही मागितलं नव्हतं. "न लागायला काय झालं?" म्हणाला आणि पहिल्याच पाइपाच्या पहिल्याच भोकात खोचली. "माझा पाइप तुंबत नाही."

पुदिन्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. तीन आठवड्यांत त्याच्या मुळ्या पाइपातून सापासारख्या पसरल्या. पालकाच्या मुळ्यांत गुंतल्या, टोमॅटोच्या मुळ्यांना मिठ्या मारून बसल्या. शेवटच्या पाइपातून पिंपात पडणारी धार करंगळीएवढी झाली, मग सुतळीएवढी. सुटे जोड असते तर पाच मिनिटांचं काम. एक जोड उपसायचा, मुळ्यांची वेणी बाहेर ओढायची, परत बसवायचा. पण जोड पक्के. करवत लावल्याशिवाय उघडणार नाहीत, आणि स्वतःच्या पक्क्या जोडाला करवत लावायची म्हणजे घणानं मुस्काटात मारून घ्यायची. त्यानं भोकातून तार घालून ढोसलं. मुळ्या तुटल्या, तुटून पुढं जाऊन आणखी घट्ट बसल्या.

मग त्यानं तेच केलं, जे सगळ्या आयुष्यात केलं होतं. अडलं, तर जोर लावला. लहान पंप काढला आणि तिप्पट ताकदीचा बसवला.

तो सुट्टीचा वार होता, दुपार. नवा पंप चालू करून घण पुढच्या खोलीत जाऊन आडवा झाला. बायको मागं मशीनवर. पंपानं पाणी ढकललं, पाणी मुळ्यांवर आदळलं आणि मागं फिरून पहिल्या पाइपाच्या भोकांतून वर उसळलं. पिंप रिकामं व्हायला लागलं. गोळा खाली गेला, टाकीचा नळ सुरू झाला. पंप ते पाणीही गच्चीवर ओकत राहिला. खाली जायचं भोक बंद. पाणी घोट्याएवढं चढलं, आणि वीजजोडाचं लांब वायरीचं बोर्ड स्टँडखाली दोन विटांवर ठेवलेलं होतं, त्या विटांच्या वरच्या कडेपर्यंत आलं. मशीनच्या खडखडाटात आणि बहिऱ्या कानाच्या बाजूला हे सगळं चाललेलं. तिला काही ऐकू आलं नाही.

खाली कारखान्यात छताच्या भेगेतून आधी थेंब, मग धार लागली, बरोबर इस्पितळाच्या नव्या साठ गाद्यांसाठी पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर.

धाकट्याची आरोळी सगळ्या गल्लीनं ऐकली. तो शटर ओढायची लोखंडी सळई घेऊन बाहेरच्या जिन्यानं थेट गच्चीवर आला. अनवाणी. घण दचकून उठला आणि मागच्या दाराकडं धावला, तोवर पहिला पाइप फुटला होता.

"साठ गाद्या! साठ!" धाकटा ओरडत होता, आणि प्रत्येक शब्दाला सळई उतरत होती. पांढऱ्या पाइपाच्या चिपा उडत होत्या. टोमॅटोचं रोप मुळासकट हवेत गेलं. "एक थेंब म्हणालास ना, दादा? पोहायला ये आता! ये!"

"थांब. हरामखोरा, थांब!"

"तू थांबला होतास? तू माझे पाय धरून उभा होतास आणि मी ओरडत होतो, तेव्हा तू थांबला होतास?"

दुसरा पाइप गेला. पालकाची सबंध ओळ पाण्यात पसरली. तीन महिने, बादलीत हात बुडवून लावलेली. घणाच्या डोळ्यांपुढं लाल झालं. दाराला उरलेला पाइपाचा तुकडा टेकून ठेवला होता, पुरुषभर लांब. तो त्यानं दोन्ही हातांनी उचलला. उंबऱ्यावर आला. उंबरा गच्चीहून वीतभर उंच, कोरडा.

धाकट्यानं सळई फेकली, डाव्या हातानं स्टँडचा अँगल धरला आणि सगळाच स्टँड ओढून पाडायला हिसका दिला. स्टँडचा पुढचा पाय उचलला गेला आणि बोर्डावर आदळला. बोर्ड फुटलं. ठिणगी उडाली.

धाकट्याचा आवाज मधेच कापल्यासारखा थांबला. मान मागं, दात घट्ट, डोळे पांढरे. हात अँगलवर मिटलेला, सुटेना. सगळं अंग शिवणयंत्राच्या सुईसारखं थडथडत होतं.

घणाचा पाइप तेव्हा वर उगारलेलाच होता. तो खाली आला. पहिला फटका मनगटावर. मनगट मोडल्याचा आवाज त्याला ओळखीचा होता. हात सुटला नाही. दुसरा बरगडीवर, सगळ्या अंगाचा भार देऊन. धाकटा हलला, हात तसाच. तिसरा त्याच जागेवर, त्याहून जोरात, तोंडातून शिवी बाहेर काढत. हात सुटला, आणि धाकटा उताणा पाण्यात पडला. प्लास्टिकच्या पाइपातून वीज येत नाही, हे घणाला माहीत होतं. नळवाल्याला ते माहीत असतंच.

पण दाराच्या आतून बघणाऱ्याला काय दिसलं? मशीन थांबवून बायको उठली होती. तिनं नवऱ्याची पाठ बघितली, पाइप तीनदा उतरताना बघितला आणि दीर पाण्यात पडलेला बघितला. ती दिराकडं धावली.

"करंट आहे! पाण्यात जाऊ नको!" घण ओरडला. ती त्याच्या उजव्या हाताला होती, तिचा डावा कान त्याच्याकडं. वीस वर्षांपूर्वी स्वतःच बंद केलेल्या कानात तो बेंबीच्या देठापासून ओरडला.

ती उंबऱ्यावरून पाय खाली टाकत होती. त्यानं पाइप टाकला आणि उपडा हात तिच्या छातीवर घातला. मोजून मापून नाही, वेळ नव्हता. ती मागं उडाली, मशीनच्या लोखंडी चाकावर डोकं आपटलं आणि कपाळावरून रक्त डोळ्यात उतरलं.

घण तिच्याकडं वळला नाही. आतल्या जिन्यानं तीन तीन पायऱ्या टाकत खाली गेला, मुख्य खटका पाडला आणि तसाच वर आला. मग पाण्यात शिरून धाकट्याला काखेत धरून ओढला. धाकटा श्वास घेत होता. "तुझ्या..." म्हणाला. पुढचं बोलवलं नाही.

ऑर्डरीपायी सुट्टीलाही कारखान्यात आलेल्या दोघा कारागिरांनी धाकट्याला उचलून गाडीत घातलं. घणाची बायको पुढच्या सीटवर बसली. कपाळाला खोळीचा तुकडा बांधलेला. मांडीवर पिशवी.

घण गाडीच्या दाराशी आला. तोंड उघडलं. तिनं उजवा कान त्याच्याकडं केला, वाट बघितली. त्याच्या तोंडात एकच वाक्य तयार होतं, वीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं. या खेपेला ते खरं होतं, आणि नेमकं म्हणूनच त्याला ते बाहेर काढवेना. गाडी गेली.

इस्पितळात डॉक्टरनं विचारलं, "कसं झालं?"

"जिन्यावरून पडलो," धाकटा म्हणाला.

"आणि तळहात कसा भाजला?"

"जिना गरम होता."

दोन बरगड्या, एक मनगट, तळहातावर अँगलची काळी रेघ. तिसऱ्या दिवशी भावजय बघायला आली तेव्हा धाकटा भिंतीकडं तोंड करून बोलला. "वहिनी, एक सांगतो. मला आवडत नाही सांगायला, पण सांगतो. त्या दिवशी मी चिकटलो होतो. दादानं मारलं नसतं तर आज तुम्ही माझ्या फोटोला हार घालत असता. आणि तुम्हाला ढकललं तेही त्याच कारणानं."

"कळलं, भावजी."

"मग? घरी जाता?"

"कारण दर वेळीच होतं, भावजी," ती म्हणाली आणि त्याच्या उशीखाली चादर खोचली.

ती आली ती पंधरा दिवसांनी, भर दुपारी, मशीन न्यायला. हातगाडीवाला खाली उभा केला होता. कपाळावर टाक्यांची रेघ. मागच्या खोलीत पाय ठेवला तर गच्चीवर करवतीचा आवाज. घण पायांत पाइप धरून स्वतःचे पक्के जोड कापत होता. कापलेल्या तोंडांतून पुदिन्याच्या मुळ्यांच्या जाड वेण्या बाहेर लोंबत होत्या, कुजून काळ्या पडलेल्या. एका बाजूला नवे तुकडे मांडले होते, जोडांवर रबरी कडी आणि टोकांना हातानं फिरवायची झाकणं. बोर्ड आता भिंतीवर, छातीएवढ्या उंचीला. सांडपाण्याच्या भोकाचं बूच काढलेलं.

तो उठला. वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"भावजींनी सगळं सांगितलं," ती म्हणाली. "एकच विचारायचंय. पाइप हातात कशाला घेतला होतात?"

घणानं तोंड पुसलं. धाकट्यानं त्याच्यासाठी सगळं सोपं करून ठेवलं होतं. वाचवायला घेतला, एवढंच म्हणायचं होतं. कुणी खोटं म्हणणार नव्हतं.

"मारायलाच," तो म्हणाला. "चिकटलाय ते नंतर दिसलं. पहिला फटका मारायचा होता का सोडवायचा, ते मला आजही सांगता येत नाही."

त्यानं कारण पुढं केलं नाही, असं हे पहिल्यांदाच. तिचा चेहरा मऊ झाला असं काही नाही. पण खांदे, जे या घरात नेहमी वर चढलेले असायचे, ते खाली आले.

"मशीन खाली न्यायचंय," ती म्हणाली.

"नेतो."

त्यानं पायमशीन एकट्यानं उचललं, जिन्यावरून एकेक पायरी उतरवलं. कुठं आपटू दिलं नाही. हातगाडीवर गोणपाट घालून बांधलं, दोरीची गाठ दोनदा तपासली. ती गाडीमागं चालत निघाली. वळणावर थांबली, मागं बघून म्हणाली, "पुदिना वेगळ्या डब्यात लावा." आणि गेली. परत येईन म्हणाली नाही, येणार नाही असंही म्हणाली नाही. त्यानंही विचारलं नाही.

संध्याकाळच्या आत त्यानं पहिला पाइप जोडला, सुटा, आणि जुना लहान पंप लावला. पाणी झुळझुळ चाललं. जोडाशी एक थेंब जमला, फुगला आणि टपकला.

खालून बरगड्या बांधलेल्या धाकट्याचा आवाज आला, अर्ध्या श्वासाचा. "दादा! गळतंय रे!"

घणाचा हात सवयीनं सोल्युशनच्या डब्याकडं गेला. डबा रिकामा होता. त्यानंच सकाळी ओतून टाकला होता.

"गळू दे," तो ओरडला. "फडकं घेऊन येतोय!"